सासूचा मिक्सर, सुनेचा मिक्सर

वाचकाचं पत्र

जय गुरुदेव. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात हाय. माह्यं लगन 1989 चं. आंदणातला मिक्सर अजूनही चालते. बैठकीतला पंखा तर मामंजीच्या वेळचा, तोही गरगर फिरते. सून आली पाच वर्षांआधी. तिच्या आंदणातला मिक्सर तिसऱ्या वर्षी जळला. नवा घेतला, तोही आता वास मारते. तिचा फ्रिज चौदा महिन्यांत बंद पडला. मेकॅनिक म्हणते बोर्ड गेला, साडेचार हजार लागतीन, गॅरंटी आता फक्त कॉम्प्रेसरची हाय. प्लास्टिकच्या कूलरचा पंप दर उन्हाळ्यात जाते. मी म्हणते आजकालच्या पोरीइले वस्तू वापरताच येत नाही. आम्ही पाट्यावर वाटून संसार केला, मिक्सरले सणासुदीलेच हात लावत होतो. सून म्हणते कंपनीवालेच मुद्दाम कच्च्या वस्तू बनवतात. यावरून घरात रोज खटके उडतात. खरं काय ते तुम्हीच सांगा.

दुसरं असं की धाकट्या पोरीचं लगन वैशाखात हाय. जावई चाकणले कंपनीत हायेत. सोयाबीनचे पैसे आले की दिवाळीच्या सेलमध्येच आंदणाच्या वस्तू घेऊन ठेवू, असं घरचे म्हणतात. काय काय घ्यावं? अन् आमचा जुना लोखंडी कूलर दुरुस्त करावा का भंगारात द्यावा?

ता.क. सुनेच्या बंद फ्रिजमध्ये सोयाबीनचं बियाणं भरून ठेवलं तर चालते का?

उत्तर

जय गुरुदेव, ताई.

तुमच्या वादाचा अर्धा निकाल तुमच्याच एका वाक्यात आहे: मिक्सरला सणासुदीलाच हात लावत होतो. आता हिशेब करू. सण, पाहुणे, घरचं कार्य मिळून वर्षाला वीस दिवस धरा आणि त्या दिवशी वीस-वीस मिनिटं मिक्सर चालला असं समजा. वर्षाचे झाले पावणेसात तास. पस्तीस वर्षांचे सुमारे दोनशे तीस. सुनेकडे पाटा नाही. शेंगदाण्याचा कूट, खोबरं-खसखशीचं वाटण, भिजलेली मुगाची डाळ, लसणाची चटणी, लेकराचा ज्यूस, सगळं मिक्सरवर. रोजची वीस मिनिटं कुठं गेली नाहीत. म्हणजे वर्षाला एकशे वीस तास. तुमच्या मिक्सरनं पस्तीस वर्षांत जेवढं काम केलं, तेवढं तिच्या मिक्सरनं दोन वर्षांत उरकलं आणि तिसऱ्या वर्षी तो जळला. आकडे अंदाजाचे आहेत, इकडेतिकडे करा, पण फरक मिटणार नाही. तुमच्या मिक्सरचं आयुष्य पाट्यानं वाढवलं, आणि पाट्याचं काम तुमच्या खांद्यांनी केलं. सुनेनंही तसंच करावं असं तुम्हाला मनातून वाटत असेल तर ती गोष्ट वेगळी, तिचा मिक्सरशी संबंध नाही.

वापरण्यातलं एक मात्र तिला नक्की सांगा. घरगुती मिक्सर एका दमात चालवायचा नसतो. सोबतच्या पुस्तिकेत किती मिनिटं चालवायचा आणि किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं असतं, आणि ती पुस्तिका आपल्याकडे थर्माकोलबरोबरच घराबाहेर जाते. आता जो मिक्सर वास मारतोय तो चालवणं आजच बंद करा. वास दोन प्रकारचा असतो. रबर जळल्यासारखा आला तर बहुधा कपलर, म्हणजे भांड्याच्या बुडाशी अडकणारी दातेरी चकती, झिजून घसरते आहे. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. भांडं अडलं की ती तुटावी आणि मोटर वाचावी, अशीच तिची योजना आहे. चाळीस-पन्नास रुपयांची चकती तुटली म्हणून मिक्सर भंगारात गेलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. उग्र वास आणि आतून निळ्या ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश पहा. पेन्सिलीच्या शिशासारखा काळा, चौकोनी तुकडा असतो, मागे स्प्रिंग. तो झिजून अर्ध्याच्या खाली आला की जोडीनं बदलायचा. तेही स्वस्तात होतं. पण वार्निश जळल्याचा वास असेल आणि आतली तार काळी पडली असेल, तर मोटर गेली. नवं वाइंडिंग करायचं की नवा मिक्सर घ्यायचा, ते तेव्हा ठरवा.

आता पंखा आणि तुमचा मिक्सर टिकला, त्याबद्दल अजून एक. 1989 साली तुमच्या गावात जेवढे मिक्सर आले, त्यातले आज किती चालू आहेत? जे गेले ते केव्हाच भंगारवाल्याच्या गाड्यावरून गेले, त्यांची आठवणही कुणी काढत नाही. जो उरला तो ओट्यावर दिसतो, म्हणून त्या काळचे सगळेच दणकट होते असं वाटतं. शिवाय तेव्हा फ्रिज घ्यायचा म्हणजे नोकरदाराचा काही महिन्यांचा पगार जायचा. एवढ्या पैशात कारखान्याला जाड पत्रा, जड मोटर, भरपूर तांबं घालणं परवडत होतं. आज सोयाबीनच्या दोन-चार पोत्यांत मिक्सर येतो. कुठंतरी कातर लागणारच.

म्हणजे सून चुकली का? तिचंही खरं आहे, आणि ते तुम्ही ऐकून घ्यायला हवं. कंपन्या मुद्दाम कच्चं बनवतात, हा आरोप काही हवेतला नाही. 1924 च्या डिसेंबरात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरात एकत्र आल्या. ओसराम, फिलिप्स अशी नावं होती त्यात. बल्ब तेव्हा दीड-दोन हजार तास चालत होता, तो एक हजार तासांवर आणायचं त्यांनी ठरवलं. नमुने तपासले जायचे आणि ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड व्हायचा. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत हे संगनमत चाललं. त्यातही एक गाठ आहे: जास्त टिकणाऱ्या तारेचा बल्ब उजेड कमी देतो आणि तेवढ्याच उजेडासाठी वीज जास्त खातो, असं त्या कंपन्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण टिकाऊ मालाला दंड लावणाऱ्यांनी ते गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी केलं, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

अलीकडचं पाहायचं तर जर्मनीच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं करून घेतलेला एक अभ्यास 2016 मध्ये पूर्ण झाला. बदललेल्या फ्रिज, वॉशिंग मशीन अशा मोठ्या वस्तूंपैकी बिघाडामुळे पहिल्या पाच वर्षांतच बदलाव्या लागल्या, अशांचं प्रमाण 2004 मध्ये 3.5 टक्के होतं, ते 2012 पर्यंत 8.3 टक्क्यांवर गेलं. दुपटीहून जास्त. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात असंही निघालं की बदललेल्या मोठ्या वस्तूंपैकी जवळपास एक तृतीयांश वस्तू चालू होत्या, लोकांना फक्त नवी हवी होती. ही खोड सगळीकडचीच दिसते.

वस्तूच्या पोटात काय बदललं तेही सांगतो. तांब्याच्या जागी पुष्कळ ठिकाणी ॲल्युमिनियमची तार आली, लोखंडी दात्यांच्या जागी प्लास्टिक आलं. पण मोठा बदल बोर्डाचा. तुमच्या वेळच्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट, रिले आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटरवर ताण आला की ती बंद करणारा भाग, एवढंच असायचं. यातलं काही गेलं की तालुक्याचा मेकॅनिक खिशातून सुटा भाग काढून बसवून द्यायचा. आता पुष्कळ फ्रिजमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो. बोर्डावर छोट्या डबीसारखे कपॅसिटर असतात आणि त्यांच्या आत ओलावा असतो. उष्णतेनं तो सुकतो. साधारण नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात टिनाच्या खोलीत भिंतीला चिकटून फ्रिज उभा. तो बोर्ड काही आपल्या दर्यापूरचा उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून बनवलेला नसतो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि टिनाखालून काढून स्लॅबच्या खोलीत न्या. याला पैसा लागत नाही.

आणि आता ज्याच्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही, त्याच्याकडे येतो. मी आयटीआयमध्ये पोरांना वायरमनचं काम शिकवण्यात नोकरी काढली, त्यामुळे माझं लक्ष पहिलं तिथंच जातं. तुमच्या घरातली सून आणि कंपनी, दोघींपेक्षा मोठा गुन्हेगार तुमची लाईन आहे.

पूर्वी होल्टेज कमी झालं की घरातल्या म्हातारीलाही कळायचं. बल्ब पिवळा पडायचा, आजी ओरडायची, "बंद करा रे तो पंखा." आता घरात एलईडी आहे. त्याच्या आतलं सर्किट होल्टेज बरंच खाली गेलं तरी उजेड कमी होऊ देत नाही. दिवा लख्ख दिसतो आणि मागे तारेत एकशे साठच व्होल्ट असतात. आपल्या सगळ्या वस्तू 230 व्होल्टसाठी बनवलेल्या. संध्याकाळी गल्लीभर कूलर सुरू झाले, गिरणी सुरू झाली, की सून त्याच वेळी वाटण वाटायला घेते. मोटरला जोर मिळत नाही, भांडं अडतं, गती कमी झाल्यानं आतला पंखाही वारा देत नाही, आणि मोटर तापून तापून जळते. फ्रिजचा कॉम्प्रेसर तर सुरूच होऊ शकत नाही. टक्-टक् असा आवाज करत तो जोर लावतो, ओव्हरलोड त्याला बंद करतो, थोड्या वेळानं पुन्हा तेच.

कमी होल्टेजपेक्षाही वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. डीपीवरून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, निघतो आणि आपल्या घरात त्यातला एक फेज आणि न्यूट्रल येतो. वाऱ्या-वादळात डीपीजवळचा न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जोडली जातात. मग काही घरात होल्टेज शंभरावर येतं आणि काही घरात ते साडेतीनशे-चारशेपर्यंत चढतं. एका रात्रीत गल्लीतले सगळे टीव्ही उडाले, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यामागे बहुतेकदा हेच असतं. जुना मिक्सर, जुना पंखा अशा वेळी वाचतो. एक तर तो बहुतेकदा बंद असतो, आणि दुसरं म्हणजे जाड तार असला मार थोडा वेळ सहन करते. बोर्डाला तेवढा दम नसतो.

म्हणून नवी वस्तू घेण्याआधी पहिला खर्च विजेवर करा. स्विचबोर्डावर बसणारा आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो बैठकीत लावा आणि सुनेला सांगा, 190 च्या खाली असेल तर मिक्सर लावायचा नाही. तुमच्यातल्या निम्म्या भांडणाचा निकाल ते लाल आकडे परस्पर लावतील. फ्रिजला स्टॅबिलायझर घ्या, पण त्यात होल्टेज फार चढलं की पुरवठा तोडणारी सोय आणि लाईन आल्यावर काही मिनिटं थांबून फ्रिज सुरू करणारी सोय, दोन्ही हव्या. लाईन गेली आणि लगेच आली तर आत गॅसचा दाब उतरलेला नसतो, त्यावर कॉम्प्रेसर जोर लावतो. मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की प्लग उपटून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि होल्टेजची तक्रार लेखी करा. वीज तक्रारीच्या 1912 या नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पण त्याच्यासोबत गल्लीतल्या दहा घरांच्या सह्यांचा अर्ज उपविभागाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. त्यात व्होल्टमीटरवरचे आकडे तारखेसह आणि वेळेसह लिहा. लाईनमनला चौकात बोललेलं कुठंच नोंद होत नाही. डीपीवर भार जास्त आहे हे सगळ्यांना माहीत असतं, अर्ज मात्र कुणी देत नाही. आणि ताई, गल्लीत चोरीच्या विजेसाठी तारेवर आकडे टाकलेले असतील तर तेही अर्जाआधी काढायला लावा. साहेब पाहणीला आले की पहिली नजर तिथं जाईल.

आता तुमचा लोखंडी कूलर. तो मी भंगारात देणार नाही, पण आज आहे त्या अवस्थेत सुरूही करू देणार नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. कारण सरळ आहे. पाण्यातल्या पंपाचं इन्सुलेशन जुनं होतं, वीज पाण्यात उतरते, पाण्यातून पत्र्यात. तुमच्याकडचं पाणी खारं, म्हणजे वीज त्यातून अजून सहज वाहते. खाली पाणी सांडलेलं आणि बाई अनवाणी पायानं बादली ओतायला गेलेली. अर्थिंग धड असतं तर ती वीज जमिनीत गेली असती. पण कूलरची तिसरी पिन बहुतेक घरांत तोडलेली असते, कारण सॉकेट दोन पिनचं.

अर्थिंगचं आपल्या मातीत एक निराळंच दुखणं आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात. अर्थिंगचा पाइप भोवतीच्या मातीपासून सुटतो, आणि नेमक्या कूलरच्या दिवसांत अर्थिंग नावालाच उरतं. खारपाणात तो पाइप गंजतोही लवकर. म्हणून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, गंजलं असेल तर मीठ-कोळसा घालून नवं करा, आणि फाल्गुनापासून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. लोक त्याला ईएलसीबीही म्हणतात. वीज अंगातून जायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. दीड-दोन हजारांचा खर्च आहे. दुकानदार साधा एमसीबी दाखवून "एकच आहे" म्हणेल. एक नाही. एमसीबी तार जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. त्यावर चाचणीचं एक बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून पहायचं.

एवढं झालं की कूलरचा पत्रा पहा. टाकीचा तळ गंजला असेल तर दर्यापूर, अंजनगाव, अकोट, कुठंही तो तळ बदलून मिळतो. आतून डांबरी रंग मारा, मोटरची बेअरिंग आणि कपॅसिटर बदला, वाळ्याच्या ताट्या नव्या लावा. नव्या प्लास्टिकच्या कूलरपेक्षा तो स्वस्त पडेल आणि हवाही जास्त फेकेल. प्लास्टिकला पत्र्यातून शॉक लागत नाही हा त्याचा गुण मी मान्य करतो, पण पंप आणि मोटर त्यातही असतेच. पाणी भरताना दोन्हींचा प्लग काढायचा, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. आणि सुनेचा पंप दर उन्हाळ्यात जातो तो खाऱ्या पाण्यानं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, टाकीत पांढरा थर धरतो, तोच पंपाच्या पंख्यात अडकतो. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. नळाला गोडं पाणी येत असेल त्या दिवशी कूलरची टाकी त्यानंच भरा. पंपाखाली विटेचा तुकडा ठेवला की तळाचा गाळ तो ओढत नाही.

मामंजींच्या पंख्याला हात लावू नका, चालतोय तोवर चालू द्या. फक्त एवढं लक्षात घ्या की जुना पंखा पाऊणशे वॅट किंवा जास्तच ओढतो आणि आजचा बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा, पंखा तिशीच्या आसपास. दिवसाला बारा तास चालणाऱ्या खोलीत वर्षाला दीडशेवर युनिटांचा फरक पडतो. नवं ते सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. बीएलडीसी कमी होल्टेजवरही गती धरतो. बोर्ड त्यातही आहे, म्हणून झोपायच्या खोलीत तो लावा आणि बैठकीत जुना फिरू द्या.

आंदणाचं आता. दिवाळीच्या सेलमध्ये काही घेऊ नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावायला लागते. दिवाळीला घेतलेली वस्तू वैशाखापर्यंत खोक्यात पडून राहील आणि वर्षाच्या वॉरंटीतले सहा महिने तिथंच संपतील. पोरगी चाकणला जाऊन प्लग लावेल तेव्हा काही बिघाड निघाला तरी दुकान दर्यापूरला, वस्तू पुण्याकडे, आणि मधे वाहतुकीत लागलेले धक्के कुणी कबूल करणार नाही. शिवाय भाड्याच्या खोलीचा दरवाजा किती रुंद, स्वयंपाकघरात फ्रिजला जागा किती, हे तुम्हाला कुठं ठाऊक आहे? सोयाबीनचे पैसे तिच्या नावावर बँकेत टाका. तिथं संसार मांडला की तीच त्या गावच्या दुकानातून घेईल, बिल तिच्या नावानं. मांडवात वस्तू मांडल्या नाहीत तर लोक काय म्हणतील, हे तुमच्या घरचे विचारतील. लोक जेवून जातील. आणि वरपक्षानंच वस्तूंची यादी पाठवली असेल, तर तो 1961 च्या हुंडाबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. मग प्रश्न कोणता फ्रिज घ्यावा हा उरतच नाही.

तिनं काय घ्यावं ते मात्र सांगून ठेवतो. दुकानात जाण्याआधी राहत्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे जावं आणि दोनच गोष्टी विचाराव्या: तुझ्याकडे सध्या कोणत्या कंपनीच्या वस्तू उघडलेल्या पडल्या आहेत, आणि कोणत्याचे सुटे भाग तुला दुसऱ्या दिवशी मिळतात? दुकानदाराला कमिशन कशावर जास्त ते माहीत असतं, याला काय मोडतं ते माहीत असतं. दोघांच्या घराला साध्या कॉम्प्रेसरचा सिंगल डोअर फ्रिज पुरतो, तसे अजून मिळतात. वॉशिंग मशीन सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी. तिला नळाचा दाब लागत नाही, चावीचा टायमर असतो, बोर्ड नसतो, आणि घर बदललं तरी अडचण नाही. मिक्सरच्या भांड्याचं कपलर बाजारात सुटं मिळतं का ते पाहूनच घ्यावा. "दहा वर्षांची वॉरंटी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं तर कशावर, हे छोट्या अक्षरात वाचावं. बहुतेकदा ती फक्त कॉम्प्रेसरची किंवा फक्त मोटरची असते. फ्रान्समध्ये 2021 साली वॉशिंग मशीन, टीव्ही अशा काही वस्तूंवर त्या दुरुस्त करायला किती सोप्या, याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे सरकारनं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडलं, तिथं कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती पाहता येते. पण दुकानातल्या खोक्यावर गुण छापून येईपर्यंत दुरुस्तीवाल्याचा शब्द हाच आपला गुणांक.

पक्कं बिल घ्या, त्यावर वस्तूचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि घरी आल्याबरोबर बिलाचा फोटो काढून ठेवा. दुकानातलं ते गुळगुळीत कागदाचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. वॉरंटीत दावा करायला जावं तर हातात कोरी चिठ्ठी असते.

सुनेच्या फ्रिजकडे येतो. साडेचार हजारांचा बोर्ड लगेच बदलू नका. आधी मेकॅनिकला म्हणा, बोर्ड काढून अमरावतीला किंवा अकोल्याला बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे दाखव. होल्टेजनं उडालेल्या बोर्डावर पुष्कळदा नुसता फ्यूज, व्हॅरिस्टर, म्हणजे चढलेलं होल्टेज झेलणारा भाग, किंवा एखादा कपॅसिटर जातो, आणि ते काम काही शेकड्यांत होतं. त्याचबरोबर कंपनीला लेखी कळवा की चौदा महिन्यांत मुख्य भाग निकामी झाला, सवलतीत बदलून द्या. कंपनी कायद्यानं बांधलेली आहे असं नाही, पण मागितल्यावर काही कंपन्या देतात. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथंही मिटलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे अमरावतीला, तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण खरं सांगतो, वॉरंटी संपल्यावर कारखान्याचा दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचं मत लागतं, आणि होल्टेजचा मुद्दा कंपनी काढणारच. फ्रिजची किंमत पाहता मी आधी बोर्डवाल्याकडे जाईन. आणि बोर्ड दुरुस्त होऊन आला तरी स्टॅबिलायझर लागेपर्यंत फ्रिज सुरू करू नका, नाहीतर दुसरा बोर्डही पहिल्याच्या वाटेनं जाईल.

राहिलं ता.क. फ्रिज अजून मेलेला नाही, तर त्यात बियाणं कशाला भरता? आणि सोयाबीन तर मुळीच नाही. बंद फ्रिजचं दार घट्ट बसतं, हवा खेळत नाही. बियाण्यात थोडा जरी ओलावा राहिला तरी तो आतच कोंडतो, आणि सोयाबीनची उगवणशक्ती आधीच नाजूक. नीट वाळवून ज्यूटच्या पोत्यात भरा, लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा, थप्प्या उंच लावू नका आणि पोतं आपटू नका. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पहा. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण पेरा, कमी उगवले तर त्या हिशेबानं बियाणं वाढवा.